वाळूत पुरलेली बॅब्स

हॉस्टेलवर ज्याच्याकडे जुनी बाईक असते त्याला खर्च आणि सल्ले या दोन गोष्टींचा कधीच तुटवडा पडत नाही. माझ्याकडे अशीच एक बाईक आहे. काकांनी वर्षानुवर्षं वापरून माझ्या गळ्यात घातलेली. तिच्या मीटरचा काटा माझ्या जन्माआधीच थांबला असावा. सेकंड इयरला असताना तिच्या मागच्या बाजूनं खडखड आवाज यायला लागला. आमच्या विंगमध्ये रात्री साडेबाराला त्यावर परिषद भरली आणि एकमतानं निकाल लागला, की चेन गेली. मी मेसच्या पैशातून नवीन चेन आणि स्प्रॉकेट टाकलं. आवाज तसाच! शेवटी गावातल्या मिस्त्रीकाकांनी मागचं चाक खोललं आणि फुटलेलं बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. आधी खोलून बघावं आणि मग बोलावं, एवढंच ते म्हणाले.

पुढे सेमिनारसाठी विषय शोधताना मला जे. जी. पॅरी-थॉमस भेटला. म्हणजे पुस्तकात भेटला, कारण माणूस १९२७ सालीच गेला. त्याच्या मृत्यूचा दोषही जगानं असाच एका चेनवर टाकला होता. गाडी न खोलता. आणि ती गाडी खोलायला पुढे तब्बल बेचाळीस वर्षं जावी लागली. माझा सेमिनार शेवटी दुसऱ्याच विषयावर झाला, पण हा माणूस काही डोक्यातून गेला नाही. म्हणून हा लेख.

जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमसचा जन्म १८८० च्या दशकातला, वेल्समधल्या रेक्सहॅमचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. शर्यतींशी घराण्याचा काडीचाही संबंध नाही. शाळा शेजारच्या ऑस्वेस्ट्री गावात झाली आणि मग तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला गेला. थोडक्यात, तो आपल्यापैकीच एक.

त्याची पहिली ओळख रेसर म्हणून नव्हतीच. ट्रान्समिशन हा त्याचा विषय. त्या काळी गिअर बदलणं म्हणजे कुस्तीच असायची. थॉमसनं एपिसायक्लिक गिअर आणि विजेची यंत्रं यांची सांगड घालून एक वेगळंच ट्रान्समिशन तयार केलं. ते बसवर आणि रेल्वेच्या डब्यांवर वापरूनही पाहिलं गेलं. आज हायब्रीड गाडीचं ट्रान्समिशन शिकताना आपण जी आकृती काढतो, तिच्या दूरच्या पूर्वजांमध्ये हे बसतं. त्याच्या नावावर पेटंटही बरीच होती.

नंतर तो लेलँड मोटर्समध्ये चीफ इंजिनिअर झाला. लेलँड हे नाव आपल्याला नवीन नाही. लाल डब्याच्या एस.टी.नं गावाकडे जाणाऱ्या प्रत्येकानं ते बसच्या तोंडावर वाचलेलं आहे. मद्रासच्या अशोक मोटर्सशी जोडली जाऊन १९५५ साली जी अशोक लेलँड झाली, तिच्यातली लेलँड म्हणजे हीच इंग्लंडची ट्रक-बस बनवणारी कंपनी. पहिलं महायुद्ध संपल्यावर या ट्रकवाल्या कंपनीनं थॉमसला सांगितलं की उत्तमात उत्तम मोटारगाडी बनव. आणि त्यानं खरोखर बनवली. १९२० च्या लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात लेलँड एट लोकांसमोर आली. एका रांगेत आठ सिलिंडर, सुमारे सात लिटरचं इंजिन, वरून चालणारा कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह मिटवायला कॉइल स्प्रिंगऐवजी पट्टीची स्प्रिंग, ब्रेकला व्हॅक्यूमची मदत. त्या साली हे सगळं एका गाडीत! त्याचा सहायक होता रीड रेल्टन नावाचा तरुण इंजिनिअर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाडी अप्रतिम होती, पण किंमत इतकी की घेणार कोण? मोजून दीड डझनाच्या आतबाहेर गाड्या बनल्या. आयर्लंडचा नेता मायकेल कॉलिन्स १९२२ साली ज्या हल्ल्यात मारला गेला, त्या वेळी तो लेलँड एटमध्येच होता. शिवाय युद्धात विकलेले ट्रक परत विकत घेऊन ते दुरुस्त करण्यात लेलँड कंपनी पैशानं पार पोळली होती. महागड्या मोटारगाडीचे लाड करायला पैसा उरला नाही आणि १९२३ च्या सुमारास तो प्रकल्प बंद पडला.

इथे थॉमसनं जे केलं ते आपल्या आई-वडिलांना सांगितलं तर रात्रीची झोप जाईल. चीफ इंजिनिअरची नोकरी त्यानं सोडली. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा, वळणावर बशीच्या कडेसारखा वर उचललेला रेस ट्रॅक होता. त्याच्या आवारातच एका बंगलीत तो राहायला गेला. लग्न केलेलं नव्हतं. सोबतीला मोठे अल्सेशियन कुत्रे आणि दाराबाहेर वर्कशॉप. अंगात कायम तो रंगीबेरंगी नक्षीचा लोकरी स्वेटर. बाकीचे रेसर बहुतेक सरदार-दरकदारांची मुलं, गाडी चालवून झाली की हातमोजे काढून निघून जाणारी. हा चाळिशीला टेकलेला इंजिनिअर स्वतः डिझाइन करायचा, स्वतः हात काळे करायचा आणि मग स्वतःच चालवायचा.

त्यानं आपली लेलँड घेतली आणि ती सुधारत नेली. तिला लेलँड-थॉमस म्हणू लागले. प्रत्येक शर्यतीनंतर काहीतरी हलकं कर, काहीतरी मजबूत कर, इंजिनमधून अजून थोडं काढ, असं चालायचं. १९२५ साली अर्नेस्ट एल्ड्रिजशी त्याची समोरासमोरची शर्यत ठरली. एल्ड्रिजच्या फियाटमध्ये विमानाचं २१ लिटरहून मोठं इंजिन होतं, म्हणजे थॉमसच्या जवळजवळ तिप्पट. ब्रुकलँड्सच्या त्या उतरत्या काँक्रीटवर दोघंही जिवावर उदार होऊन पळाले, टायरची सालं निघाली, आणि थॉमस जिंकला. सात लिटरनं एकवीस लिटरला हरवलं. नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही, हे त्यानं स्वतःच दाखवून दिलं होतं.

आणि तरीही पुढच्याच वर्षी तो २७ लिटरच्या गाडीत बसला. का, ते समजायला थोडं गणित हवं. घाबरू नका, व्हायवाला विचारणार नाही.

जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम मार्च १९२६ मध्ये हेन्री सीग्रेव्हच्या नावावर होता, ताशी १५२.३३ मैल, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. १५२ वरून १७१ वर जायचं म्हणजे वेग फक्त १२ टक्क्यांनी वाढतो, पण हवा कापायला लागणारी पॉवर ४१ टक्क्यांनी वाढते. लेलँड-थॉमसमधून एवढं निघणार नव्हतं. नवीन गाडी बनवायला लागणारा पैसा थॉमसकडे नव्हता. मग आपण जे करतो तेच त्यानं केलं. सेकंडहँड शोधली.

काउंट लुई झ्बोरोव्स्की हा एक अतिश्रीमंत तरुण. विमानाची इंजिनं मोटारीत बसवण्याचा त्याला भारी नाद. त्याच्या चिट्टी बँग बँग गाड्यांवरून पुढे मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकाला नाव मिळालं. त्याची सगळ्यात मोठी गाडी म्हणजे हायम स्पेशल. तिच्यात अमेरिकन लिबर्टी इंजिन होतं. व्ही आकारात बारा सिलिंडर, २७ लिटर, सुमारे ४५० हॉर्सपॉवर. या लिबर्टीची मूळ आखणी १९१७ साली दोन इंजिनिअरांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून पाच-सहा दिवसांत केली होती. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणाऱ्यांनी छाती फुगवायला हरकत नाही! गिअरबॉक्स जुन्या बेंझ रेसिंग गाडीचा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी एकेक जाडजूड चेन.

ऑक्टोबर १९२४ मध्ये झ्बोरोव्स्की मोंझाच्या शर्यतीत मेला. हायम स्पेशल मालकाविना पडून राहिली. थॉमसनं ती १२५ पौंडांना घेतली.

आता कामाला सुरुवात झाली. कुठलीही जुनी गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो की ठेवायचं काय आणि बदलायचं काय. थॉमसनं इंजिन ठेवलं, पण त्यातले पिस्टन स्वतःच्या डिझाइनचे घातले आणि वर चार झेनिथ कार्ब्युरेटर बसवले. उघडीवाघडी बॉडी काढून लांब शेपटाची, हवा कापणारी बॉडी चढवली. चेन ड्राइव्ह मात्र तसंच ठेवलं, वरून झाकण घातलं. गाडीचं नाव ठेवलं बॅब्स. एवढ्या राक्षसिणीला असं लाडाचं नाव ठेवणारा माणूस मला तरी आवडला.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नावाचं गाव आहे. तिथला वाळूचा किनारा सुमारे अकरा किलोमीटर लांब आणि ओहोटीला अगदी सपाट. २७ एप्रिल १९२६ ला बॅब्सनं तिथे ताशी १६९.३० मैलांचा विक्रम केला. थॉमसचं समाधान झालं नसावं, कारण दुसऱ्याच दिवशी तो परत आला आणि १७१.०२ मैल केलं. म्हणजे ताशी २७५ किलोमीटर. ओल्या वाळूवर, १९२६ साली, सव्वाशे पौंडांच्या जुन्या गाडीत.

विक्रम टिकला नऊ महिने. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेल त्याच पेंडाइनला नवी कोरी ब्लूबर्ड घेऊन आला आणि १७४ मैलांच्या पुढे गेला. तिकडे सीग्रेव्ह दोन इंजिनांची मोठी सनबीम घेऊन अमेरिकेला डेटोनाच्या किनाऱ्यावर उतरायच्या तयारीत होता आणि त्याचं लक्ष्य २०० मैलांचं होतं. म्हणजे थॉमसला स्वच्छ दिसत असणार की आपल्याकडे थोडेच दिवस आहेत. समोर दोन नव्या गाड्या, आपल्या हातात एक सुधारलेली जुनी.

३ मार्च १९२७ ला बॅब्स पुन्हा पेंडाइनच्या वाळूवर धावली. भर वेगात गाडी घसरली, उलटली, गोल फिरत गेली आणि पेटली. थॉमसच्या डोक्याला झालेली इजा इतकी भयंकर होती की तो जागीच गेला. वेगाच्या विक्रमासाठी धावताना मेलेला तो पहिला चालक. वय चाळिशीच्या जेमतेम पुढे. त्याच महिन्याच्या २९ तारखेला सीग्रेव्हनं डेटोनाला २०३.७९ मैल केले.

गाडीची उजवी चेन तुटलेली सापडली आणि थॉमसची जखम उजव्या बाजूची होती. दोन आणि दोन चार. चेन तुटली, चाबकासारखी उसळली, चालकाला लागली आणि गाडी सुटली, असं सगळ्यांनी ठरवलं. चेन ड्राइव्ह तेव्हा जुनाट समजलं जातच होतं, त्यामुळे शंका घ्यायला कुणाला कारणही नव्हतं. पुढे पुस्तकांतून, मासिकांतून हेच छापलं गेलं.

आणि मित्रांनी बॅब्सचं काय केलं? सीट फाडली, डायलच्या काचा फोडल्या आणि किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकडीत खड्डा खणून गाडी पुरून टाकली. ज्या यंत्रानं माणूस घेतला ते पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये, ही भावना मी समजू शकतो. पण इंजिनिअर म्हणून विचार केला तर पुरावाच पुरला गेला. थॉमसला ब्रुकलँड्सजवळच्या बायफ्लीट गावी चर्चच्या आवारात माती दिली.

त्याचं काम मात्र थांबलं नाही. ब्रुकलँड्सचं त्याचं वर्कशॉप थॉमसन अँड टेलर या नावानं चालू राहिलं, आणि तिथे डिझाइन करत होता तोच रीड रेल्टन. त्यानं सुधारलेल्या ब्लूबर्डनं कॅम्पबेल १९३५ साली ३०१ मैलांवर गेला. रेल्टनच्याच गाडीत जॉन कॉबनं १९४७ साली ३९४ मैल केले. थॉमसच्या हाताखाली शिकलेल्या पोरानं वेग दुपटीच्या पुढे नेला. पण पहिला गुरू वाळूत पुरलेल्या गाडीबरोबर एका चुकलेल्या चेनची गोष्ट बनून राहिला.

आता येतात ओवेन विन ओवेन. ते वेल्समधल्या बँगरच्या टेक्निकल कॉलेजात इंजिनिअरिंगचे लेक्चरर. म्हणून मी त्यांना ओवेन सर म्हणणार. थॉमसला बिनधास्त अरे-तुरे करतोय, पण सर ते सर. १९६० च्या दशकात त्यांनी मनावर घेतलं की बॅब्स बाहेर काढायची. पेंडाइनची ती जागा तोवर संरक्षण खात्याच्या ताब्यात गेलेली. परवानग्या काढा, नेमकी जागा शोधा, आणि मेलेल्याची वस्तू उकरायची का हा प्रश्न वेगळाच. १९६९ साली परवानगी मिळाली आणि बेचाळीस वर्षांनी बॅब्स उजेडात आली.

समुद्राच्या खारट वाळूनं पत्रा खाऊन टाकला होता. आपल्याकडे कोकणात दोन पावसाळे बाहेर राहिलेल्या स्कूटरचं काय होतं ते आठवा आणि त्याला वीसनं गुणा. पण जाड लोखंड, चॅसी, इंजिनाचा मोठा भाग ओळखण्याजोगा राहिला होता. ओवेन सरांनी केपेल क्यूरिग इथल्या आपल्या वर्कशॉपमध्ये ती नेली आणि सुमारे पंधरा वर्षं तिच्यावर काम केलं. पंधरा वर्षं! आपल्याला एका सेमिस्टरमध्ये प्रोजेक्टची मुदतवाढ लागते. प्रत्येक नट सोडवायचा, प्रत्येक भाग साफ करायचा, वाचेल तो वाचवायचा, नसेल तो नव्यानं बनवायचा, बॉडी पुन्हा घडवायची. शेवटी ते २७ लिटरचं इंजिन पुन्हा गर्जलं. बॅब्स पुन्हा चालली. आता ती पेंडाइनला आणि ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळालेली आहे. २०१२ साली ओवेन सर गेले.

पण माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळीच आहे. वाळूतून निघालेल्या गाडीची अवस्था बघता, चेनची कहाणी डळमळीत झाली. मागचं उजवं चाक आधी निकामी झालं असावं, गाडी त्यामुळे कोसळली आणि चेन तुटली ती त्या पडझडीत, असं मानायला जागा निर्माण झाली. म्हणजे जिला आपण कारण समजत होतो तो कदाचित परिणाम होता. शंभर टक्के निकाल आज कुणी देऊ शकणार नाही. पण बेचाळीस वर्षं जो निकाल पक्का समजला जात होता तो तसा पक्का नव्हता, हे नक्की. आणि हे कळलं कशामुळे? कुणीतरी नट सोडवला म्हणून.

मी एकदा रात्री वहीवर गणित मांडून पाहिलं. ताशी २७५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ७६ मीटर. चाकाची त्रिज्या ४० सेंटिमीटर धरली, तर चाकाच्या कडेला केंद्राकडचं त्वरण गुरुत्वाच्या जवळजवळ १५०० पट येतं. तिथला १०० ग्रॅमचा तुकडा दीड क्विंटल वजनासारखा बाहेर ओढत असतो. पिस्टन नवे, कार्ब्युरेटर नवे, बॉडी नवी. इंजिनातून जास्त काढलं की तो जास्तीचा भार पुढे कुठेतरी पोचतोच: क्लचवर, चेनवर, एक्सलवर, चाकावर. एक भाग सुधारला की कमकुवत दुवा नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. लेलँडमध्ये एकेक गोष्ट तोलून-मापून सुधारणाऱ्या थॉमसला हे कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण पैसा कमी होता, वेळ कमी होता, आणि डेटोनाला सीग्रेव्ह निघाला होता. आपण डेडलाइनपुढे काय काय तसंच ठेवतो ते आपल्यालाच माहीत.

म्हणून मित्रांनो, जुनी गाडी घेऊन तिला पळवायची हौस असेल तर जरूर करा. मी पण करतोय. पण सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरवर पैसे घालायच्या आधी चाकं, बेअरिंग, ब्रेक बघा. आणि काही तुटलं तर विंगमध्ये मतदान घेऊ नका, पाना घ्या. आमच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये एक जुनं इंजिन कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. ते का बंद पडलं याची चार वेगवेगळी कारणं मी चार बॅचकडून ऐकली आहेत. सरांकडे परवानगीचा अर्ज दिला आहे. पुढच्या शनिवारी ज्यांना यायचं असेल त्यांनी जुने कपडे घालून या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी